भिंतीतली तार आणि खुंटीवरची रीळ

मित्रांनो, मी एका घराच्या भिंतीत राहणारी जुनी टेलिफोनची तार आहे. मला फारसे कुणी पाहिलेले नाही, पण या घरातले सगळे जण माझ्यातून बोललेले आहेत. एकदा मला कायमचे बाद करायचे ठरले होते. ती हकीकत आज सांगते. दोष माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

माझा देह म्हणजे तांब्याच्या दोन बारीक तारा, एकमेकींना पीळ घातलेल्या, वर राखाडी कातडी. घर बांधत होते तेव्हा लाइनमनने मला नळीतून ओढले. बाहेरच्या भिंतीवरच्या डबीत माझे एक टोक कंपनीच्या तारेला जोडले. बाकीची टोके खालच्या दुकानात, स्वयंपाकघरात आणि वर ताईंच्या खोलीत काढली. वरून गिलावा झाला आणि मी अंधारात कामाला लागले.

दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचे. मिस्त्रींचे हात सदा तेलाने माखलेले, म्हणून फोन त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी घ्यायचा. ताईंना जन्मापासून दिसत नाही, पण कुणाचे मशीन कुठे अडते ते सगळे त्यांच्या डोक्यात.

"दोरा तुटतोय? सुई उलटी बसवलीत तुम्ही. सपाट बाजू बोटाने चाचपा. इकडे यायची गरज नाही."

मिस्त्री खालून ओरडत, "ताई, सगळं तूच फोनवर दुरुस्त केलंस तर मी काय माशा मारू?"

"मार की, छोट्या. दुकानात चिक्कार आहेत." छोट्याने पंचावन्न पार केली होती.

मिस्त्रींच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, ताईंना एकदा मोबाइल आणून दिला. तो कधी उशीखाली सापडे, कधी पिठाच्या डब्यामागे, एकदा तर गिऱ्हाइकाच्या मशीनच्या खणात. ताईंनी तो परत केला. म्हणाल्या, "भिंतीवरचा फोन आपली जागा सोडत नाही. हात केला की आहेच." माझ्यासारखीला याहून मोठी शाबासकी कोणती?

मग कंपनीचे पत्र आले. तांब्याची लाइन बंद होणार. नंबर तोच राहील, पण सोमवारपासून तो इंटरनेटवरून येईल. त्यासाठी एक छोटी पेटी घ्यायची. तिचे नाव अडॅप्टर. एका बाजूने इंटरनेट, दुसऱ्या बाजूने फोन. इंटरनेटचे यंत्र दुकानात, तेव्हा पेटीही दुकानातच राहणार.

"मग फोन दुकानातच वाजेल. मी हात पुसून घेत जाईन," मिस्त्री म्हणाले.

ताई म्हणाल्या, "आणि मी पंख्याचे फेरे ऐकत बसू? छोट्या, हा फोन आहे म्हणून मी या घरात कामाची आहे. तो गेला की मी पाहुणी. जेवायला हाक मारलीत की येईन."

वहिनी पटकन म्हणाल्या, "अहो, भिंतीत तार आहेच की! पेटी भिंतीवरच्या फोनच्या सॉकेटला जोडा. दुकानातून लाइन उलटी वरपर्यंत जाईल."

बरोबर बोलल्या. मी दोन्ही दिशांनी चालते. पाणी नळाला कुठूनही आले तरी नळी तक्रार करत नाही.

शनिवारीच तयारी करून ठेवावी म्हणून मिस्त्रींनी पेटीची वायर दुकानातल्या सॉकेटमध्ये खोचली. दिवा हिरवा झाला. वर ताईंनी रिसीव्हर उचलला आणि म्हणाल्या, "काहीतरी घरघरतंय." मिस्त्री म्हणाले, "नवं आहे, रुळेल."

दुपारी एका गिऱ्हाइकाने नेहमीसारखा फोन लावला. घंटी अर्धीच वाजली. दुकानात जळका वास सुटला. पेटीचा दिवा गेला तो गेलाच.

मिस्त्रींनी दुसरी पेटी आणली, पण मला लावायची हिंमत होईना. "तार सडलीय. नवी पेटी पण खाईल. दुकानात एकच फोन ठेवतो, विषय संपला." ते पेचकस घेऊन सॉकेट उखडायला बसले. मित्रांनो, इतकी वर्षे एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, आणि मी सडलेली!

ताई कठड्याला धरून खाली आल्या. "तारेला बोल नंतर लाव. आधी तू काय केलंस ते सांग. क्रमाने."

"काय करणार? मशीनला दोरा बदलतो तसंच. जुना दोरा ओढून काढायचा नाही, नवा त्याला जोडून द्यायचा. इथे तार आहे तशी ठेवली, नवी पेटी तिला जोडली."

"आणि जुनी रीळ?"

"कसली रीळ?"

"नवा दोरा बांधण्याआधी जुनी रीळ खुंटीवरून काढतोस ना? का दोन्ही रिळांतून एकदम शिवतोस?"

मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला. बाहेरच्या डबीत कंपनीची लाइन अजून मला जोडलेली होती. सोमवारपर्यंत ती जिवंतच होती. गिऱ्हाइकाने फोन लावताच घंटी वाजवणारी वीज तिच्यातून आली आणि थेट पेटीत घुसली.

"तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवतोय, आणि मीच..." मिस्त्री पुटपुटले.

"आता तरी शीक. फी नाही घेत," ताई म्हणाल्या.

रविवारी मिस्त्रींनी डबी उघडली, दोन स्क्रू सैल केले आणि कंपनीची टोके माझ्यापासून सोडवून त्यांना पट्टी गुंडाळली. वहिनींनी आत चिठ्ठी चिकटवली, 'ही लाइन परत जोडू नये.' उद्या कुणी शहाणा आला तर? मग नवी पेटी लावली. ताईंनी वर रिसीव्हर उचलला. घरघर नव्हती.

सोमवारी नंबर इंटरनेटवर गेला. ताई सकाळपासून फोनशेजारी बसून होत्या. दहाच्या सुमाराला तिन्ही खोल्यांत एकदम घंटी वाजली. खालून मिस्त्री ओरडले, "ताई, उचल!"

"वाजू दे रे जरा." दोनदा वाजू दिली, मग उचलली. "बोला. टाके सुटतायत? मशीन इथेच आणा. हो, हो, मीच आहे. मी कुठे जातेय?"

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू बिघडली असे वाटले तर तिला फेकण्याआधी तिच्या दुसऱ्या टोकाला काय बांधले आहे तेवढे जाऊन बघा. बरे, आता थांबते. खालून घंटी निघाली आहे, ती वर पोचवायची आहे.