खारीचा चुरा

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा फाइल उघडली, दोनदा सेव्ह न करता बंद केली. पण सोमवारच्या आत लिहून टाकायचंय, म्हणून लिहितो.

मी एका कुत्र्यावर जळत होतो. तेही मीच शिकवलेल्या.

धनराज माझा शाळेपासूनचा मित्र. बारावीनंतर त्याचे डोळे हळूहळू गेले, दोन हजार साली पूर्णच. तेव्हापासून तो माझं उजवं कोपर धरून चालायचा. माझ्या सगळ्या शर्टांची उजवी बाही विरलेली आहे. चालताना मी त्याला सगळं सांगायचो. नवीन पोस्टर कुठलं लागलंय, गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी किती आहे, कोणाच्या गाडीवर मागे कोण बसलंय. अर्धं खोटं असायचं. त्याला कळायचं, तरी ऐकायचा.

गेल्या वर्षी कुंभमेळा संपला, तपोवनातले तंबू उठले आणि तिथल्या पंगतींवर वाढलेली कुत्री मागे राहिली. त्यातला हा एक. राखेच्या रंगाचा, एक कान फाटलेला. भस्म्या. हत्ती, बँड, लाउडस्पीकर, सगळं बघून झालेला, कशालाच दचकायचा नाही. मी टायपिंगच्या दुकानात बसतो, तिथे नेट आहे. परदेशात आंधळ्या माणसांना कुत्री रस्त्यानं नेतात, हे तिथेच वाचलं. प्रिंटा काढल्या आणि डिक्शनरी घेऊन बसलो. बाकीचं चुका करत शिकलो. टांग्याच्या घोड्यांचे साज शिवणाऱ्या खंडेरावांकडून पट्टा करून घेतला, त्याला बादलीच्या कडीची मूठ. डोळ्यांवर मफलर बांधून स्वतः भस्म्यामागे चाललो. दोनदा गटारात पडलो.

नियम मीच केला होता: अंगावर पट्टा असेल तेव्हा त्याला कुणी काही खायला द्यायचं नाही. धनराजच्या आईलाही, चांगुणामावशीला, दहा वेळा बजावलं होतं.

सहा महिन्यांनी बँकेत टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली. मॅनेजर योगिनी मॅडम म्हणाल्या, दोन महिन्यांनी सुरू करा, महिनाभर बघू. पण रोज साडेनऊला, आणि एकट्यानं यायचं. सोबतचा माणूस आजारी पडला तर फोन कोण उचलणार, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला. मी कधी आजारी पडतो?

मग दोन महिने खपून भस्म्याला तो एकच रस्ता पक्का केला. पंचवटीतलं घर ते बँक, डाव्या कडेनं सरळ. माझं दुकान त्याच रस्त्यावर, पण समोरच्या बाजूला.

पहिल्या दिवशी मी दुकानाच्या दारात उभा होतो. गटाराचं झाकण तुटलंय तिथे भस्म्या थांबला. धनराजनं पायानं चाचपलं, त्याच्या मानेवर हात फिरवला आणि म्हणाला, "शाब्बास रे राजा." चार वर्षांत मला कधी शाब्बास म्हणाला नाही. त्या संध्याकाळी घरी गेलो तर कुत्र्याचं डोकं त्याच्या पावलांवर, आणि बँकेतली पहिल्या दिवसाची सगळी गोष्ट कुत्र्याला सांगून झालेली. मला म्हणाला, "रंग्या, आता परत कुठे सगळं सांगू?"

तिसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडून गेलो आणि भस्म्याला गपचूप खारी दिली. पट्टा अंगावर असताना. चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी मला जावंच लागलं नाही. तोच धनराजला ओढत रस्त्याच्या या बाजूला, माझ्या पायरीवर घेऊन आला. धनराज गोंधळला. मी म्हणालो, कुत्रंच ते, चुकणारच, चल मी सोडतो. त्यानं माझं कोपर धरलं. बँकेच्या कोपऱ्यापर्यंत मी पोस्टरांविषयी बोलत गेलो. त्याला उशीर झाला आणि मी खूश होतो, खोटं कशाला सांगू. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा तसंच झालं.

काल, शनिवारी, ते रस्त्याच्या मधोमध आले तेव्हा समोरून रिक्षा आली. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचले. धनराज गुडघ्यांवर पडला, पँट फाटली. भस्म्या तिथेच, त्याच्या अंगाला चिकटून उभा. आणि बघत होता माझ्या हाताकडे. हातात खारी होती.

तिसरा उशीर. योगिनी मॅडमनी सांगितलं, सोमवार ही शेवटची संधी.

आज सकाळी त्याच्या घरी गेलो. चांगुणामावशी त्याच्या गुडघ्यांना हळद लावत होती आणि कुत्र्याला बोल लावत होती. मी म्हणालो, भस्म्याला घरीच राहू दे, सोमवारी मीच येतो, कोपऱ्यावर सोडतो, मॅडमना दिसणार नाही. मावशी चहा ठेवायला आत गेल्यावर धनराजनं भस्म्याचं तोंड ओंजळीत धरलं.

"याच्या मिशांना चुरा असतो. बँकेत पोचल्यावर रोज पुसतो मी. आमच्या घरी टोस्ट आणतात. खारी तू खातोस."

मी विचारलं, कधीपासून कळलंय?

"तिसऱ्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, तूच सांगशील. इतर वेळी सगळं सांगतोस."

मी माफी मागायला लागलो, तर म्हणाला, "ते राहू दे. रस्ता मी चालेन. सोमवारी तो तुझ्या दुकानाकडे मान वळवेल, तेव्हा मी ओढून सरळ घेईन. तू फक्त दारात बसायचं. हातात काही नको. त्याला हाक मारायची नाही. मलाही नाही."

"तुलाही नाही?"

"तुझा आवाज आला की त्याच्या आधी मीच वळतो, लेका."

भस्म्यानं जांभई दिली आणि परत त्याच्या पावलांवर डोकं ठेवलं. अजूनही बघवत नाही मला ते.

तरी मी त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. "सोमवारी सव्वानऊला तू समोरून जाशील, मी बघेन, आणि तोंडातून एक अक्षर काढणार नाही."