तेराव्या निळ्याला हळद

कार्बनचे काही रेणू असे असतात की त्यांचा पातळ थर काचेवर देऊन त्यातून वीज सोडली, की ते स्वतःच उजळतात. पाठीमागे दिवा ठेवावा लागत नाही, म्हणून वीजही कमी लागते. मोबाइलचे नवे पडदे याच युक्तीवर निघाले होते. यातले लाल रेणू निमूटपणे काम करतात, हिरवे तर तक्रार न करता वर्षानुवर्षे करतात. निळ्यांची मात्र प्रकृती नाजूक. दोन-तीन दिवसांतच ते दमतात, आणि दमले की हिरवे पडतात.

खांदा कॉलनीतल्या पूर्वीने पीएच.डी.साठी नेमका निळा निवडला होता. तिची आई म्हणायची, "हिरवा घेतला असतास तर एव्हाना लग्न झालं असतं."

निळे रेणू एकमेकांना चिकटले की बिघडतात, असे पूर्वीचे मत होते. तेव्हा तिने रेणूच्या दोन्ही अंगांना दोन जाडजूड गट जोडले. एसटीच्या बाकावर काही गृहस्थ दोन्हीकडे पिशव्या ठेवून बसतात आणि कुणाला टेकू देत नाहीत, तसे. कल्पना चांगली होती. फक्त बारा रेणूंना ती पटली नाही. पिशव्या बदलून बदलून बारा वेळा करून झाले आणि बाराही हिरवे पडले.

"हा तेरावा शेवटचा," नवीन पनवेलच्या त्या कॉलेजात तिच्या मार्गदर्शक असलेल्या शशिकलामॅडम म्हणाल्या. "शंभर तास निळा राहिला तर पुढची दोन वर्षं तुझीच. नाही राहिला, तर दिवाळीनंतर माझ्या रेणूवर काम करायचं."

मॅडमचा रेणू हिरवा होता.

२०११च्या नवरात्रात, सोमवारी दुपारी बारा वाजता, पूर्वीने नखाएवढी काच काळ्या पेटीत ठेवली, वीज चालू केली आणि झाकणावर कागद चिकटवला: 'शंभर तास उघडू नये.' आतला प्रकाश मोजून संगणक आपोआप आलेख काढत होता. बुधवारी नवमी. सकाळपर्यंत रेघ सरळ आणि निळी होती. मॅडमनी तिला जबरदस्तीने घरी जेवायला पिटाळले.

दसऱ्याला सकाळी ती चोरपावलांनी लॅबमध्ये आली, आलेख पाहिला आणि स्टुलावर बसली. काल दुपारी चारच्या सुमाराला निळी रेघ कोसळली होती आणि हिरवी वर चढली होती. तेरावाही गेला. आपणच लावलेला नियम म्हणून तिने झाकण उघडले नाही. आलेखाचा कागद काढला आणि मॅडमच्या घरी गेली. मॅडमनी दारातच आपट्याची पाने पुढे केली. पूर्वीने कागद पुढे केला आणि रडू लागली.

"आधी आत ये. श्रीखंड खाऊन रड." मॅडमनी चष्मा लावला. "किती वेळात पडला?"

"एका मिनिटात."

"एका मिनिटात कुणी म्हातारं होतं का गं? तुझे आधीचे बारा कसे गेले?"

"हळूहळू. रोज थोडे."

"आणि पडायच्या आधी हा काटा कसला? अर्धा मिनिट प्रकाश एकदम वाढलाय. मरण्यापूर्वी आनंदाने उडी मारली म्हणायची का? अगं, झाकण उघडलं कुणीतरी, बाहेरचा उजेड आत शिरला. चल."

लॅबमध्ये पूर्वीने आता पहिल्यांदा इकडेतिकडे पाहिले. तराजूला झेंडूची माळ होती. पंपाला कुंकवाचा टिळा होता. फ्रिजच्या दारावर स्वस्तिक काढलेले होते. मॅडमनी दिवे मालवून पेटीचे झाकण उचलले. आत काच हिरवीगार उजळली होती आणि तिच्या मधोमध हळदीचे एक ठसठशीत बोट उमटलेले होते.

"काशिराम!" मॅडम म्हणाल्या. हाक नव्हती, निदान होते.

काशिराम हे लॅब अटेंडंट. उरणकडच्या खाडीकाठचे कोळी. भाऊ होडीवर, हे काचेच्या नळ्यांवर. पंचवीस वर्षे खंडेनवमीला यंत्रांची पूजा त्यांच्याकडेच होती. फोन केल्यावर ते नवा सदरा घालून, हातात सोने घेऊन आले.

"काशिराममामा, ही हळद तुम्ही लावली?" पूर्वीने विचारले.

"मीच. दुसरा कोन लावनार?"

"झाकणावर लिहिलं होतं ना, उघडू नये म्हणून!"

"तवाच तर कललं ना बाय, आत मोठी वस्तू हाय."

"मग पेटीला लावायची वरून!"

"गनपतीला गंध लावतान का मखराला?" काशिराम शांतपणे म्हणाले. मग जरा खाली बघत ते म्हणाले, "आधीचे बारा मेले ते मी पायले ना. तुजा तोंड बगवत नवता. म्हनला, याला तरी जगू दे. पंपाला नुसता कुकू लावला. याला हलद, पानी कालवून, चांगली."

मॅडमनी तोंड फिरवले. त्या हसत होत्या की काय ते कळले नाही. "काशिराम, हळद निळा उजेड गिळते आणि हिरवा ओकते. तुमचा आशीर्वाद हिरवा निघाला." त्यांनी स्पिरिटचा बोळा पूर्वीच्या हातात दिला.

पूर्वीने काच पुसली. पहिल्या पुसण्यात पिवळट, दुसऱ्यात फिकट, आणि तिसऱ्यात तो आला. निळा. पूर्वी परत रडू लागली, तेव्हा काशिरामांना वाटले की पुसल्यामुळे बिघडले.

शुक्रवारी चारला शंभर तास झाले. निळा होता. पण मॅडम म्हणाल्या, "मधे हळद असलेला आलेख मी मान्य करणार नाही. परत लाव. तीन काचा लाव, एकदम."

मेलेल्या रेणूच्या कुणी तीन काचा लावत नाही, म्हणजे मॅडमना तेरावा पटला आहे, हे पूर्वीला जिना उतरताना कळले, आणि ती तशीच परत वर धावली.

पुढचे शंभर तास काशिरामांनी दारात स्टूल टाकले. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणत, "हात दाखवा." प्राचार्यांनी दाखवले. मॅडमनीही दाखवले, दोन्ही बाजूंनी.

शंभरावा तास भरल्यावर पूर्वीने दिवे मालवले, झाकण उघडले आणि काशिरामांना बोलावले. तिन्ही काचा जशाच्या तशा निळ्या होत्या. काशिराम दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधून पेटीवर वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"बारीक हाय," ते म्हणाले. मग आणखी थोडा वेळ बघून म्हणाले, "पन खरा निला हाय गो बाय."