पायरीवरचा खळगा

आन्सेल्मने जिना चढणाऱ्या लठ्ठ पाहुण्याच्या पोटाला काठी आडवी लावली.

"खळग्यात पाय नको, साहेब. तिथे माझी आई बसते."

किल्ला बघायला आलेली अकरा माणसं हसली. मागे उभ्या क्लोतील्डबाई हसल्या नाहीत. वसंतात रुजू झालेल्या या व्यवस्थापिकेने आन्सेल्मच्या हाती चार छापील पानं ठेवली होती. त्यात आहे तेवढंच बोलायचं. एक शब्द जास्त झाला, की चाव्या परत.

किल्ला दाखवता दाखवता एकतीस वर्षं आन्सेल्मने या भिंतींना लोणकढी थापा ऐकवल्या होत्या. इथल्या विहिरीतला मासा लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणायचा, आणि एका सरदाराच्या मिशीवर अख्ख्या वाड्याचं धुणं वाळायचं. पानांनी मासाही खाल्ला नि मिशीही भादरली. पण थापा बंदच करायच्या, तर निदान एक खरी गोष्ट सांगून टाकावी, असं म्हाताऱ्याच्या मनाने घेतलं होतं.

"लढाईनंतर किल्ला ओस पडला होता," तो म्हणाला. "गावच्या बाया इथे अक्रोड फोडायला बसत. माझी आई लेओंतीन या पायरीवर सत्तावीस हिवाळे बसली. मोगरीच्या घावांनी दगड..."

"आन्सेल्म! पान तीन."

"वाचलंय, मादाम."

"मग तेच सांगा ना. सरदारीण इझाबो चाळीस वर्षं इथे नवऱ्याची वाट बघत बसली. तिच्या आसवांनी दगड झिजला."

"अहो, ती बया मी रचलीय! पावसात अडकलेल्या एका सहलीला रडवायला!"

"गावच्या शाळेतल्या गुरुजींच्या पुस्तकात आहे ती. तळटीपेसकट."

"गुरुजींना दोन पेले पाजून सांगितलं कोणी? मीच!"

"आणि तुमच्या आईचा पुरावा?"

लेओंतीनला सहीसुद्धा येत नव्हती.

"आजोबा," लठ्ठ पाहुणा म्हणाला, "थाप मारायची तर जरा झकास मारा की! सरदारीण सोडून अक्रोड कुठे गळ्यात मारता?"

पुन्हा हशा पिकला. क्लोतील्डबाईंनी चाव्यांसाठी हात पुढे केला.

आन्सेल्मने दात आवळले, पान तीन काढलं आणि पावती वाचावी तसं वाचलं. तरीही एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं कोणावर?

बाराची घंटा झाली. त्या गावात बाराच्या घंटेला मढंदेखील तिरडीवरून उठून जेवायला जाईल. क्षणात जिना रिकामा झाला.

आन्सेल्मने खिशातून अक्रोड काढून खळग्यात ठेवला. अक्रोड इतका चपखल बसला, की हललासुद्धा नाही. त्याने काठीची मूठ उचलली.

"अहो, काय करताय?" राहिलेली छत्री न्यायला परतलेल्या क्लोतील्डबाई ओरडल्या. "दगड ऐतिहासिक आहे!"

"आहेच," म्हणत त्याने घाव घातला.

कवचाच्या दोन वाट्या झाल्या. आतला गर कुठेही मोडला नव्हता. अर्धा त्याने त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो खाल्ला. वाकून खळग्यात बोट फिरवलं. मग त्यांनी हात पुढे केला.

आन्सेल्म कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडू लागला.

"चाव्या नकोत," छत्री भिंतीला टेकवून खालच्या पायरीवर बसत क्लोतील्डबाई म्हणाल्या. "अजून एक आहे का?"