माझा मासा खालच्या बाजूला आहे

मित्रांनो, मी जावा बेटावरच्या, टेकडीच्या माथ्यावरील देवळाचा एक जुना दगड आहे. हजार वर्षं तरी झाली असतील मला. पण माझ्या तोंडावर बोराएवढा शिशाचा ठिपका आहे, आणि आमच्याकडे ठिपका फक्त नव्या दगडाला देतात. आता सांगा, माझं कोण ऐकणार?

मी भिंतीतला साधा दगड. नक्षी माझ्या वाट्याला आली नाही. पण ज्याने मला घडवलं, त्याने बसवण्याआधी माझ्या बुडाशी छिन्नीने एक छोटासा मासा कोरला, आपली खूण म्हणून. त्याचा मला अजून अभिमान आहे. पुढे भूकंपात देऊळ कोसळलं आणि मी कित्येक शतकं मातीत पडून राहिलो.

चाळीस वर्षांपूर्वी देऊळ पुन्हा उभं करायला गवंडी आले. त्यांत तुकिजानकाका होते. जो दगड सापडला नाही त्याच्या जागी नवा घडवायचा, आणि पाहणाऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून त्याला भोक पाडून शिसं ओतायचं, हे त्यांचं काम. एका शुक्रवारी त्यांना नमाजाला जायची घाई होती. मी आणि एक नवा दगड शेजारी पडलो होतो, एकाच मापाचे. काकांनी शिसं माझ्यात ओतलं! अहो, मी तो नव्हे, असं मला ओरडता आलं असतं तर!

भिंत वर गेल्यावर त्यांना माझा मासा आठवला आणि घोटाळा कळला. पण मोठ्या साहेबांसमोर "चुकलो" म्हणायला त्यांची जीभ रेटेना. तेव्हापासून तो बिनठिपक्याचा उपटसुंभ माझ्या शेजारी मिरवतो. येणारे-जाणारे त्याच्यावर हात ठेवून फोटो काढतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

यंदा पुन्हा जमीन हादरली आणि आमची भिंत उतरवली. तो शेजारी जुन्यांच्या रांगेत सन्मानाने ठेवला गेला. आम्ही ठिपकेवाले वडाखाली ढिगात. सोमवारी सकाळी ट्रक येणार आणि आमची खडी होणार, हे मी कामगारांच्या तोंडून ऐकलं आहे.

आज शनिवारी दुपारी तुकिजानकाका टेकडी चढून आले. बरोबर त्यांची बायको लसियेमकाकू. गुडघ्यांना शिव्या देत ती पायरीवर टेकली आणि नवऱ्याला म्हणाली, "चाळीस वर्षं पोटात ठेवलंत, आता ओका एकदाचं. मी इथेच बसते."

काकांनी मला लगेच ओळखलं. दोन्ही हातांनी उलटायला गेले, पण मी दोन माणसांचा दगड, त्यांना हलेना. मग ते देखरेख करणाऱ्या गलिहसाहेबांकडे गेले. पोरसवदा साहेब अदबीने वाकले, चहा मागवला. काकांनी पावसाची चौकशी केली, साहेबांच्या आईची केली, लवंगांच्या भावावरही बोलून झालं. मी इकडे तळमळत होतो. बोला ना, काका!

शेवटी ते हळूच म्हणाले, "साहेब, ठिपका असलेला एखादा दगडही जुना असू शकेल, नाही का?"

"असू शकेल, बाबा," साहेब हसून म्हणाले. मोठ्यांचं बोलणं खोडायचं नसतं ना! मग हात जोडून ते स्कूटरवरून निघून गेले.

काका हलके होऊन परतले. काकूंनी विचारलं, सांगितलं का? नेमकं काय सांगितलं? काकांनी शब्दन् शब्द सांगितला. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, याला सांगणं म्हणतात? मी चुकलो, हा दगड जुना आहे, एवढंच तर म्हणायचं होतं."

काकांचा चेहरा उतरला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मला त्यांची दयाच आली. "सोमवारी परत येतो," ते म्हणाले, "दुपारपर्यंत चढेन." ट्रक सकाळी येणार हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. दोघं एकमेकांना धरून उतरून गेली.

मित्रांनो, उद्या रविवार. तुम्ही टेकडीवर खूप जण याल, वडाच्या सावलीत शेंगा खाल. कुणी टाकाऊ ठरवलेली वस्तू फेकण्याआधी एकदा उलटून पाहावी, एवढंच माझं सांगणं. ढिगात डावीकडून तिसरा मी. दोघे जण लागतील.