चौथ्या नंबरची पोरगी आणि मी

मी अभ्यासाचं टेबल बोलतोय. अभ्यास माझ्यावर फार कमी झाला, तरी हुद्दा तोच आहे.

भिलाईच्या हुडको कॉलनीत विजयकुमार साहेबांनी मला आणलं, ते त्यांच्या एकुलत्या कौस्तुभसाठी. साहेबांचा सिद्धान्त पक्का होता. "आपलं एकच पोरगं. खालच्या मजल्यावर मारोतरावकडे चार. अक्कल चौघांत वाटली तर एकाच्या वाट्याले किती येईल?"

कौस्तुभची आई कलावतीबाई रोज साहेबांनी मोजून दिलेले बदाम भिजवून माझ्यावर ठेवत. कौस्तुभ ते खाई आणि माझ्यावरच डोकं ठेवून झोपे. त्याची लाळ प्लायवूडमध्ये मुरली. बुद्धी वाढली असेल तर माझीच.

बारावीच्या सहामाहीत त्याला गणितात शंभरपैकी एकोणीस मिळाले. साहेबांनी जेवण सोडलं. कौस्तुभ मात्र वही घेऊन रोज खाली जाऊ लागला. मारोतराव स्टील प्लांटमध्ये फिटर; त्यांची धाकटी भूमिका त्याच्याच वर्गात होती. मोठ्या तिघांची पुस्तकं वाचत आणि त्यांची भांडणं ऐकत ती शिकलेली. खालून आला की कौस्तुभ माझ्यावर गणितं सोडवी, आणि चक्क जागा असे!

निकाल लागला. कौस्तुभला गणितात एकाहत्तर, भूमिकाला चौऱ्याण्णव. मारोतराव तिला घेऊन पेढे द्यायला वर आले.

"भूमिकाले आता कुठं घालून राहिले?" साहेबांनी विचारलं.

"कुठंच नाई, साहेब. तिघांले शिकवण्यातच दम निघाला. चौथ्या नंबरच्या पोरीकडून कोण एवढी आस धरते? लग्न पाहू."

"पापा, मेरे को उसी ने पढ़ाया," कौस्तुभ बोलला. "तुम्ही तर फक्त बदाम मोजत होते."

साहेबांच्या तोंडात पेढा तसाच राहिला.

भूमिकानं ओढणीखालून एक कागद काढला आणि माझ्यावर ठेवला. रायपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा फॉर्म, पूर्ण भरलेला.

"बाबा, सही करा."

"मले न विचारता कावून भरला?"

"चौघांत मले कधी कोणी विचारलं?"

मारोतरावांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग साहेबांनीच खिशातला पेन काढून पुढे केला. सही झाली. 

भूमिका आता रायपूरला आहे. कौस्तुभ दुर्गला बी.कॉम. करतो आणि पलंगावर झोपतो. मला मारोतरावांकडे धाडलंय. ते माझ्यावर ड्यूटीचे कपडे इस्त्री करतात.

तेव्हा मंडळी, पोरं मोजून त्यांच्या अकलेचा हिशेब मांडू नका. एक असो की चार, प्रत्येकाला एकदा विचारा तरी. आणि कोणी मारोतरावांना सांगा हो, इस्त्री करताना खाली चादर अंथरा. पाठ भाजते.