पहिलं घर

“पाटी तुमच्या चौकात लावा, नाहीतर डोक्यावर घेऊन नाचा. मला काय त्याचं!” थोरलीने दारातूनच धाकट्या बहिणीला झाडलं.

धाकटी दम खात पायरीवर बसली. वरच्या गावची चढण तिला आता झेपत नव्हती. “ताई, ऐकून तर घे. आपल्या सगळ्या गावांचा इतिहास मास्तरांनी लिहून काढलाय. पहिली वस्ती वरच्या गावाची आणि त्यातलं पहिलं घर तुमचं, असंच निघालंय. पाटी तुझ्याच भिंतीवर लागणार.”

थोरलीची भांडायची सगळी तयारी फुकट गेली.

तिचा जळफळाट जुना होता. खालच्या गावच्या दुकानदाराने आधी तिलाच मागणी घातली होती. तेव्हा खाली नुसता चिखल आणि चार झोपड्या. तिने नाक मुरडलं आणि वरच्या गावचा शिंपी पसंत केला. दुकानदाराचं स्थळ मग धाकटीला गेलं. पुढे सडक निघाली ती खालून. तिच्यामागोमाग टपाल, शाळा, दवाखाना, सगळं खाली उतरलं. शिंप्याची गिऱ्हाइकं उतरली, आणि शिंपी वारल्यावर थोरलीची मुलंही त्याच सडकेने शहरात गेली. आसपासच्या वाड्यांतली माणसं खाली बिऱ्हाडं थाटत होती, खालच्या गावाची बाजारपेठ होत होती. धाकटीच्या घरावर मजला चढला, तेव्हा थोरलीच्या पोटात दुखलं. धाकटीला नातू झाला, तेव्हा तर “नाक आजोबांवर गेलंय बिचाऱ्याचं” एवढंच बोलून ती परत आली होती.

पाटीच्या दिवशी गाडी भरून माणसं वर आली. कागदी कपांतून चहा फिरला. मास्तर म्हणाले, “खालचं गाव इथूनच उतरलं. मूळ ते हे.” टाळ्या पडल्या.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. आता तिचं तोंड एवढंसं व्हायला हवं होतं. पण ती बाई सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होती. थोरलीला त्याचाही राग आला.

“पटलं ना? आम्ही पहिले!”

“मी कधी नाही म्हटलं गं? मी तर घरी सगळ्यांना सांगत असते.”

गाडीचा भोंगा वाजला. माणसं भराभर चढू लागली.

“राहतेस का आज?” थोरलीच्या तोंडून निघून गेलं. “गादी घालते.”

“नातवाला माझ्याशिवाय झोप नाही ना येत.”

दुकानाचा, मजल्याचा कधी वाटला नसेल एवढा हेवा थोरलीला या एका वाक्याचा वाटला.

“तूच चल ना खाली,” धाकटी म्हणाली.

“आणि पाटी वाचायला कोणी आलं म्हणजे?”

धाकटीने ताईचा हात दाबला आणि ती गाडीत चढली.

धूळ खाली बसल्यावर थोरलीने अंगणभर पडलेले कप वेचले. ते टाकून द्यायचे असतात, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने एकेक विसळला आणि पाटीखाली ओळीने उपडा घातला.