ब्रेक मिळणार नाही

"ब्रेक मिळणार नाही," असं तिने टाइप केलं, मग खोडलं आणि जरा सभ्यपणे पुन्हा लिहिलं. "सूचनेबद्दल आभार. अवकाशात ब्रेक नसतो, म्हणून या खेळातही तो नाही. आपण कृपया सरावाचा धडा पाहावा." उत्तर पाठवून तिने खुर्ची मागे ढकलली.

'सूचना आणि तक्रारी'च्या पानावर हे गृहस्थ गेले काही आठवडे ठाण मांडून होते. टोपणनाव 'स्टेअरिंग'. मागणी एकच, यानाला ब्रेक द्या. भाषा अर्जासारखी, सुरुवात 'संचालक महोदय' अशी, आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत माणूस भारी काटेकोर. एखादा अनुस्वार निसटला तरी ते मजकूर पुन्हा उघडून दुरुस्त करायचे, आणि त्यांच्या प्रत्येक सूचनेखाली 'संपादित' असा शिक्का दिसायचा. आता त्यांच्यामागे 'मलाही हवा' म्हणणाऱ्यांची रांग लागली होती.

फोन वाजला. खेळातल्या चुका हुडकून काढायचं काम करणारी तिची मैत्रीण. सगळे तिला भिंगच म्हणत.

"अगं, देऊन टाक ना एकदाचा ब्रेक," भिंग म्हणाली. "लोक अवकाशस्थानकावर आदळून आदळून वैतागलेत. सोडून जातील."

"जाऊ देत."

"ओपन सोर्स आहे बाई हे, कोड सगळ्यांना खुला. तू नाही दिलास तर दुसरा कुणीतरी आपलाच खेळ उचलून त्याला ब्रेक बसवेल."

"खुशाल बसवू दे. मग ती आकाशातली मोटार होईल. मला मोटार नाही करायची."

भिंगने सुस्कारा सोडला. तिचा हट्ट भिंगला पाठ होता.

तिच्या खेळात इंजिन बंद केलं तरी यान त्याच वेगाने पुढे जातच राहायचं. थांबायचं तर अर्ध्या वाटेवर यान फिरवून शेपूट पुढे करायची आणि उलटा जोर लावायचा. सगळी गंमत त्यातच होती. त्यासाठी तर तिने विमा कंपनीतली बरी नोकरी सोडली होती.

बाबांना ते मुळीच रुचलं नव्हतं. उभा जन्म बस चालवून त्यांनी तिला शिकवलं होतं, आणि मुलगी विमा कंपनीत कॉम्प्युटरवर आहे हे डेपोतल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. "नोकरी सोडून फुकट वाटायचा खेळ?" एवढं ते एकदाच म्हणाले. त्यानंतर 'खेळ' हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही. 'ते तुझं' म्हणायचे. ते तुझं झालं का, मग जेवायला ये. जुन्या कंडक्टरमित्राचा फोन आला आणि त्याने मुलीचं विचारलं की बाबा गुडघेदुखीवर यायचे. भिंतीपलीकडून तिला ते ऐकू यायचं आणि फार लागायचं. परक्या देशांतली माणसं तिचा खेळ खेळत होती, आणि बाबांनी तो एकदा डोळ्यांखालून घालावा एवढंच तिला हवं होतं.

पडद्यावर नवी सूचना आली. स्टेअरिंगच.

"संचालक महोदय, धडा पाहिला. समजला नाही. पायाखाली काहीच लागत नाही, ही मुख्य अडचण आहे. शिवाय एकदम वेग तोडला तर उभे प्रवासी पुढे पडतील, याचा विचार झाला आहे काय?"

ती खो खो हसली. तिच्या यानात प्रवासीच नव्हते, मग उभे कुठून असणार? हसता हसता ती थबकली. त्याच क्षणी आतल्या खोलीत धप्प असा आवाज झाला.

"अहो, काय पाय आपटताय सारखे?" आई स्वयंपाकघरातून ओरडली. "खालचे वर येतील भांडायला."

"मुंगी होती," बाबा म्हणाले.

ती उठून बाबांच्या खोलीच्या दाराशी गेली. दार लोटलेलं होतं. वीजबिल भरायला म्हणून तिने दिलेला जुना लॅपटॉप बाबांच्या पुढ्यात होता आणि त्यावर तिचंच स्थानक दिवे लुकलुकवत फिरत होतं. यान भरधाव त्याच्या अंगावर चाललं होतं. टेबलाखाली बाबांचा उजवा पाय जीव खाऊन फरशी दाबत होता. मामेभावाच्या गाडीत शेजारी बसले की ते असंच करायचे. यान आदळलं.

"हात्तिच्या," बाबा पुटपुटले आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

ती पावलं न वाजवता परत आली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

मग ती विचारात पडली. ब्रेक म्हणजे एका दुपारचं काम. भिंग खूश, रांगेतली माणसं खूश, आणि बाबांचं यान पहिल्या झटक्यात अलगद थांबलं असतं. तिने फाइल उघडली. 'ब्रेक' असं नाव देऊन पहिली ओळ लिहिलीसुद्धा. पण बाबांनी आयुष्यात कधी खोटी गाडी चालवली नव्हती आणि तिला ती त्यांना आत्ताही द्यायची नव्हती. तिने ओळ पुसली, सरावाचा धडा उघडला, त्यातली सगळी सूत्रं काढून टाकली आणि नव्याने लिहायला बसली.

संध्याकाळ व्हायच्या आत स्टेअरिंगला उत्तर गेलं. "आपली अडचण रास्त आहे, धडाच अवघड होता. तो बदलला आहे. ब्रेक मात्र मिळणार नाही. ओल्या रस्त्यावर भरलेली गाडी आहे असं समजा. थांबा दिसल्यावर थांबायचं नसतं, थांबा दिसायच्या आधी थांबायला लागायचं असतं."

शेवटचं वाक्य तिचं नव्हतं. स्कूटर शिकवताना बाबांनी ते तिच्या कानीकपाळी ओरडलं होतं.

त्यावर काहीच आलं नाही. भिंग म्हणाली, "घे, गेला तुझा स्टेअरिंग." आत मात्र पाय आपटणं चालूच होतं. जेवताना बाबा भाजीच्या वाटीकडे बघत बसायचे, चमचा हातात धरून सावकाश उलटा फिरवायचे. आईने डोळे तपासून घ्यायला सांगितलं. ती मान खाली घालून जेवत राहिली. एका शब्दानेही मदत करायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. हळूहळू आवाज कमी झाले.

मग एका दुपारी आत बराच वेळ काहीच वाजलं नाही. ना पाय, ना हात्तिच्या. तिची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने पडद्यावर सूचना आली.

"ब्रेकची मागणी मागे घेत आहे. गाडी लागली. एक सूचना. स्थानकाला लागल्यावर पडद्यावर 'जोडणी यशस्वी' असं येतं. हे काय? नळ जोडला आहे का? सरळ 'गाडी लागली' असं म्हण."

खाली भिंगने लगेच लिहिलं होतं, "काना राहिला. 'म्हणा' हवं."

ती 'संपादित'च्या शिक्क्याची वाट बघत बसली. आता येईल, मग येईल. उठून पाणी पिऊन आली. शिक्का आला नव्हता. 'म्हण' तसंच होतं.

तिने नेहमीप्रमाणे 'सूचनेबद्दल आभार, आपण' एवढं टाइप केलं आणि सगळं पुसलं. मग एकच शब्द लिहून पाठवून दिला.

"म्हणते."

खेळातला मजकूर बदलायला वेळ लागला नाही. ती तो तपासत असताना आत बाबांचा फोन वाजला. कंडक्टरकाका होते, बाबांच्या मोठ्या आवाजावरूनच कळलं. ख्यालीखुशाली झाली. मग पलीकडून नेहमीचा प्रश्न आला असावा, कारण बाबा जरा थांबले. आता गुडघ्यांचं निघणार म्हणून ती खिडकीकडे बघू लागली.

"घरीच असते. खेळ केलाय तिने," बाबा म्हणाले. "ये एकदा, दाखवतो. पण आधीच सांगून ठेवतो, पहिल्यांदा आदळशील. ब्रेक? नाही रे बाबा. आमच्या खेळात ब्रेक नसतो."